समोरच्या दातातलं जुनं सिमेंट पडलं, दाताचा टवकाही उडाला. परत भरून घ्यावं की कॅप बसवावी?

दात दुखत नाही, नुसता कोपरा गेलाय आणि डॉक्टर पहिल्याच भेटीत कॅप म्हणाले, असं तुम्ही लिहिलंय. माझाही वरचा समोरचा दात असाच. शाळेत कबड्डी खेळताना कोपरा उडाला होता, तेव्हा भरलेला. पुढे उसाचं कांडं सोलताना ते सिमेंट निखळलं, जाताना दाताची कडही घेऊन गेलं. (या वयात दातानं ऊस कशाला सोलायचा, हे घरात भरपूर ऐकून झालंय.) मी परत भरूनच घेतला. तुमचं मात्र नस जिवंत आहे का आणि दात किती उरलाय, यावर ठरेल.

दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. मार लागलेल्या दाताची नस कधी कधी वर्षांनंतर गुपचूप मरते. दात करडा पडतो, हिरडीवर पुळी येते, ठणका मात्र नसतो. त्यामुळे आधी त्या दाताचा छोटा एक्स-रे काढून घ्या. मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली तर बहुधा रूट कॅनाल आधी, बाकीचं नंतर. माझ्या डॉक्टरांनी गारेगार कापसाचा बोळा आधी शेजारच्या दाताला लावला, मग या दाताला. दोन्हीकडे सारखीच कळ आली आणि लगेच गेली. कळ रेंगाळली असती किंवा आलीच नसती, तर पुढची तपासणी करावी लागली असती.

कॅपसाठी दात चहूबाजूंनी साधारण एक-दीड मिलिमीटर घासतात आणि घासलेला दात परत येत नाही. दात निम्म्याहून जास्त गेला असेल, सिमेंट वारंवार पडत असेल, तर कॅपच बरी. नुसत्या कोपऱ्यासाठी मला ती घाई वाटते. रूट कॅनाल झालं की कॅप हवीच, हा नियमही दाढांसाठी जास्त खरा. पुढचा दात बऱ्यापैकी शाबूत असेल तर पुष्कळदा रूट कॅनालसाठी दाताच्या मागून पाडलेलं छिद्र भरून भागतं.

भरताना आधी जुनं सिमेंट आणि त्याखालची कीड काढतात. मग दातावर आम्लाची जेल काही सेकंद ठेवून धुतात, त्यानं पृष्ठभाग खरखरीत होतो आणि कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं नवं सिमेंट, धरून बसतं. ही युक्ती 1955 पासूनची. पुढे थर लावायचा, निळ्या प्रकाशानं कडक करायचा, परत थर. थुंकी लागली की पकड गेली, म्हणून डॉक्टर कापूस किंवा रबराचा पडदा लावत असतील तर कुरकुर करू नका. शेवटी निळा कागद चावायला देतात. ठिपका गडद उमटला तिथं घासून घ्या. उंच राहिलेलं सिमेंट लवकर तुटतं.

रंग मात्र दात ओला असतानाच, शक्यतो खिडकीपाशी जुळवायला सांगा. तोंड उघडं राहून दात सुकला की पांढरट दिसतो, त्यावर जुळवलेलं सिमेंट घरी आल्यावर वेगळं दिसतं. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते आधी करा आणि मग दोनेक आठवडे थांबा, कारण पांढरं करायच्या औषधानं सिमेंट पांढरं होत नाही. चहा, हळद, मिश्री यांनी ते पिवळं मात्र पडतं. नीट जपलं तर पाच-दहा वर्षं जातात. भडंग खुशाल खा, कणीस दाणे सोडवून खा, बाटलीचं झाकण दातानं उघडू नका.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत त्या दातानं चावू नका आणि फेव्हिक्विकचा प्रयोग तर अजिबात नको. दाताचाच तुकडा सापडला असेल तर पाण्यात ठेवून घेऊन जा, कधी कधी तोच परत चिकटवता येतो.

खर्चाची अडचण असेल तर सांगली-मिरज रस्त्यावर भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे. तिथं विद्यार्थी सरांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो. सकाळी जा आणि जुना एक्स-रे असेल तर सोबत न्या.