माशांचे जीन्स, व्हायरस आणि तुमचे प्रश्न

प्रश्न: जिताडा माशाचं बी (लहान पिल्लं) तळ्यात सोडलं, पंधरा दिवसांत पिल्लं काळपट पडून गोल गोल फिरायला लागली आणि पोट वर करून मेली. कशामुळे? (पेण)

वर्णन ऐकून नोडाव्हायरसचा संशय येतो, पण पीसीआर केल्याशिवाय ठरवू नका. हा व्हायरस मेंदू आणि डोळ्याच्या पडद्यात शिरतो म्हणून पिल्लाला तोलच सावरत नाही. एवढ्याशा पिल्लाकडे अँटिबॉडी जवळजवळ नसतातच, त्या तयार व्हायला कित्येक आठवडे जातात, तोवर सगळी भिस्त जन्मजात जीन्सवर. पेशीच्या आत एमडीए5सारखे पहारेकरी (व्हायरस ओळखणारी प्रोटीन्स) असतात, शिवाय माणसात नसलेला टीएलआर22 पण असतो, यांना व्हायरसचा आरएनए दिसला की पेशी इंटरफेरॉन हा धोक्याचा इशारा सोडते आणि शेजारच्या पेशी तेवढ्यात एमएक्स, व्हायपेरिनसारखे जीन चालू करून व्हायरसची वाढ रोखायला बसतात. मोठा मासा यात बऱ्याचदा तरतो, पण पिल्लाच्या मेंदूत व्हायरस इतका भराभर वाढतो की ही यंत्रणा मागे पडते. आणि हा व्हायरस अंड्यांमधूनही येतो, म्हणून पुढच्या वेळी बी घेताना हॅचरीला (बी तयार करणाऱ्यांना) आधी विचारा, नर-माद्या टेस्ट केल्यात का? हे विचारायला अजिबात लाजू नका, पैसे तुमचे जातात.

प्रश्न: अशी पिल्लं मेलेल्या तळ्यातले बाकीचे मासे खाल्ले तर आपल्याला होईल का?

नोडाव्हायरस माणसाला होत नाही. मेलेला, कुजलेला मासा मात्र खाऊ नकाच.

प्रश्न: माशाला ताप येतो का हो?

येतो, पण तो स्वतः जाऊन आणतो! अंग पाण्याइतकंच गरम, म्हणून आजारी मासा गरम पाणी शोधतो. 2017 मध्ये छापून आलेल्या प्रयोगात कोई हर्पिस झालेल्या कार्प माशांना 24, 28 आणि 32 अंशांच्या कप्प्यांत फिरायची मोकळीक दिली, तर ते 32 कडे गेले आणि त्यानेच तरले. कमाल म्हणजे व्हायरसकडे यावर पण तोड आहे, त्याचा एक जीन असं प्रोटीन बनवतो जे माशाचा टीएनएफ हा इशारा मधेच पकडून ठेवतं, त्यामुळे मासा गरम पाण्याकडे उशिरा वळतो. पण हे वाचून घरच्या टँकमधे हीटर वाढवत बसू नका, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि दुसऱ्या आजारांत उलटं पण होतं.

प्रश्न: व्हायरसला दाद न देणारी जात बनवता येते का?

सालमनमधे बनलीय. आयपीएन या स्वादुपिंड बिघडवणाऱ्या व्हायरसने नॉर्वे-स्कॉटलंडमधे पिल्लं मरायची, 2008 च्या सुमारास दोन्हीकडच्या संशोधकांना कळलं की वाचणं न वाचणं बहुतांशी 26 व्या क्रोमोसोमच्या एकाच तुकड्यावर ठरतं. मग तो तुकडा बघून नर-माद्या निवडायला लागले आणि साथी खूप कमी झाल्या. जीन नेमका कुठला, तर आधी ई-कॅड्हेरिनचं नाव पुढे आलं, 2021 मध्ये एडिनबरोच्या टीमने एनएई1 हा जीन दाखवला: तो बंद केल्यावर सालमनच्या पेशींत व्हायरसची वाढच घटली. म्हणजे हा काही माशाचं हत्यार नाही, व्हायरसला वाढायला लागणारं माशाचंच सामान आहे. जिताड्यात असं काही सापडलं तर तुमच्या तळ्याला त्याचा उपयोग लशीपेक्षा आधी होईल, कारण लस टोचायला पिल्लू निदान बोटभर तरी व्हावं लागतं.