रंगपेटी : मुंबईत काढायचं काय?

प्रश्न : मी कोल्हापूरचा. जी. डी. आर्ट करून गेल्या वर्षी मुंबईत आलो. अंधेरीत एका कंपनीत पॅकेजिंगची डिझाइनं करतो, नालासोपाऱ्यात चौघांत खोली घेऊन राहतो. गावाकडे सकाळी पंचगंगेच्या घाटावर नाहीतर रंकाळ्यावर बसलो की जलरंगात एक लँडस्केप व्हायचंच. इथे हातच चालत नाही. झाड नाही, आकाश नाही, वेळ नाही. मुंबईतले चित्रकार प्रेरणा आणतात कुठून? नोकरी सोडावी का?
— एक वाचक, नालासोपारा

उत्तर : नोकरी सोडू नकोस. (नातवाच्या वयाचा असशील, म्हणून अरेतुरे करतोय.) भाडं थकल्यावर ज्याला चित्र सुचलं असा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

मुंबईच्या चित्रकारांनी पोटासाठी काय केलं ते एकदा बघ. सुधीर पटवर्धन १९७५ ते २००५ ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. गीव पटेल मुंबई सेंट्रलला दवाखाना चालवायचे. प्रभाकर बरवे विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे हातमागासाठीच्या सरकारी केंद्रात, नोकरीला होते. हुसेननी सिनेमाची होर्डिंगं रंगवली. ही मंडळी नोकरी संपवून मग ‘प्रेरणा’ शोधायला बाहेर पडत नव्हती. पटवर्धनांचं १९७७ मधलं ‘इराणी रेस्टॉरंट’ बघ. टेबलाशी बसलेल्या माणसाचं वजन कसं कळतं त्यात! दिवसभर एक्स-रे पाहणाऱ्यालाच खांदा असा काढता येत असणार, असं माझं आपलं मत. २००१ च्या ‘लोअर परळ’मध्ये त्यांनी पालटणारं गिरणगाव काढलं, तेही इथलाच रहिवासी बघतो तसं. बरव्यांनी तर घड्याळ, पान, सेफ्टी पिन असल्या वस्तू घेतल्या आणि आपण दाराला लावतो तो एनॅमल पेंट कॅनव्हासवर वापरला.

घाटकोपरला स्टुडिओ असलेल्या अतुल दोडियांनी दुकानांची लोखंडी शटरं रंगवली. शटर रोज कोण बघत नाही? नलिनी मालानींचा स्टुडिओ लोहार चाळीत होता, विजेच्या सामानाच्या बाजारात. त्या गल्लीतली राबणारी माणसं त्यांच्या चित्रांत आली. आणि लांब कशाला, तुझ्याच गावचे आबालाल रहिमान बघ. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून कोल्हापुरी परतले आणि कोटितीर्थ तलावाचा तोच तो परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. तूही रंकाळ्यावर रोज जात होतास, म्हणून चित्र होत होतं. इथे तू रोज कुठे जातोस? लोकलमध्ये. मग तोच तुझा रंकाळा.

सकाळच्या विरार लोकलमध्ये मात्र वही काढू नकोस, लोक मारतील. तिथे नुसतं बघायचं, तेही एकच काहीतरी. समज, वरची कडी धरलेला हात. भार बोटांवर आहे की मनगटावर? बोरिवली जवळ आली की उतरणाऱ्याची मूठ आधी सैल होते, मान नंतर वळते. अंधेरीला उतरलास की एक कटिंग सांग आणि तो हात बॉलपेनने काढ. खोडरबर घरी राहू दे. पेन्सिलने काढलं की आपण चित्र ‘छान’ करत बसतो. मी आयुष्यभर डोंबिवलीहून फोर्टातल्या एजन्सीत गेलो. साबणाच्या जाहिराती केल्या, त्या कुणाला आठवत नाहीत, मलाही नाहीत. पण माणसाच्या पाठी मला आजही न बघता काढता येतात.

आकाश नाही म्हणतोस. नायगाव-भाईंदरमध्ये खाडीवरून गाडी जाते ना? दाराशी उभ्या असलेल्यांच्या खांद्यांमधून जेवढी पट्टी दिसेल, तेवढंच तुझ्या चित्राचं माप. पोस्टकार्डाएवढा कागद घे. खालचे काळे खांदे आधी लाव, आकाश नंतर. आणि रविवारी दुपारी स्लो गाडीत खिडकी मिळाली, तर रंगपेटी खुशाल काढ. शेजारचा काका सूचना करेल, त्या ऐकून सोडून द्यायच्या.

प्रश्न : मुंबईत ग्रुप शोमध्ये भाग घ्यायचा तर आयोजक चित्रामागे पैसे मागतात. भरावेत का? जहांगीर आर्ट गॅलरीत तर वर्षानुवर्षं नंबर लागत नाही म्हणे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कोण निवडतं आणि कशावरून निवडतं, हे आयोजकाला विचारा. पैसे भरणाऱ्या सगळ्यांचीच निवड होत असेल तर तुम्ही भिंत भाड्याने घेताय. घ्या हवी तर, पण बायोडेटात त्याला प्रदर्शन म्हणून मिरवू नका. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची आहे. तिच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्र पाठवा. परत आलं तर पुढच्या वर्षी दुसरं पाठवा. जहांगीरला अर्ज करून ठेवा आणि विसरून जा. मुंबईत आलात की गॅलरी बघून झाल्यावर बाहेरच्या फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्यांशीही बोला. कुठलं चित्र कोण विकत घेतं, हे त्यांच्याइतकं स्पष्ट कुणी सांगणार नाही.

प्रश्न : दादरला वन रूम किचनमध्ये राहते. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या होत्या. आता पुन्हा सुरू करायचंय, पण ऑइलच्या वासाचा ह्यांना त्रास होतो आणि पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते.
— एक वाचक, दादर

उत्तर : ताई, ऑइल सोडा, जलरंग घ्या. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, आणि पाव शीट, म्हणजे अकरा बाय पंधरा इंच. पोळपाटाशेजारी मावतो. रंगवायला खिडकीची जागा धरा आणि त्या खिडकीतून जे दिसतं तेच काढा. समोरच्या बिल्डिंगच्या दोऱ्यांवरचे कपडे असले तरी चालतील. पिवळ्या साडीची सावली कुठल्या रंगाची दिसते, ते आधी नीट बघा.

पावसाळ्यात मुंबईच्या हवेत वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, लवकर वाळत नाही, त्याचा फायदा घ्या. ओल्यातच दुसरा रंग सोडा, ढग आपोआप होतात. मात्र खालचा थर वाळायच्या आत त्यावर बारीक काम करू नका, चिखल होईल. कागद पलंगाखाली नको, भिंतीला टेकवूनही नको, तिथे ओल धरते. झिपच्या प्लास्टिक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. नव्या पर्सेस, बुटांच्या खोक्यांतून त्या निघतात, टाकून देऊ नका. बुरशी एकदा आत शिरली की कागद ब्लॉटिंगसारखा रंग पितो, नुसते ठिपके पडतात. तो कागद सरावाला वापरा.