गावच्या हायस्कूलमधली मुलं पुढे काही करतात का? मुलीला आठवीला तिथेच ठेवू की तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सातवीत आहे, अभ्यासात बरी आहे, आणि "गावच्या हायस्कूलची पोरं काय दिवे लावणार" असं नातेवाईक म्हणतात म्हणून तुम्ही तालुक्याच्या शाळेची फी भरायला निघालाय. भरण्याआधी एवढं वाचा. मी स्वतः अशाच अनुदानित हायस्कूलमध्ये शिकलेय, सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात, २०१२ ची दहावी.

सगळ्यात आधी पैशाचं सांगते कारण ते कुणी सांगत नाही. आठवीला एनएमएमएस नावाची परीक्षा असते, केंद्राची शिष्यवृत्ती आहे, २००८ पासून चालू आहे, आणि ती फक्त सरकारी, जिल्हा परिषद-नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच देता येते. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलं की मुलगी कितीही हुशार असू दे, त्या परीक्षेला बसताच येत नाही. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, सातवीला ५५ टक्के पाहिजेत (एससी-एसटीला ५ टक्के सूट आहे), दोन पेपर असतात ९०-९० मार्कांचे, एक बौद्धिक क्षमता आणि एक शालेय क्षमता. लागली तर नववी ते बारावी महिन्याला १००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८ हजार. माझ्या वेळी महिन्याला ५०० होते आणि त्या ५०० मध्ये माझी वह्यापुस्तकं, एसटीचा पास आणि एक सायकल झाली.

आता ती परीक्षा आमच्याकडून कशी करून घेतली ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे. तेव्हा लोडशेडिंग होतं, संध्याकाळी लाइट गेली की थेट रात्री यायची. आमचे गणिताचे सर जादा तास घ्यायला तयार होते पण वर्गात अंधार. मग गावातल्या किराणा दुकानदारांनी स्वतःहून सांगितलं की माझ्याकडे इन्व्हर्टर आहे, ओसरीवर बसवा पोरांना. आम्ही १९ जण त्या ओसरीवर दाटीवाटीने बसायचो, एका बाजूला शेंगदाण्याची पोती, मधे एकच ट्यूब, आणि सर पत्र्याच्या दारावर खडूने आकृत्यांचे प्रश्न काढायचे, कारण फळा नव्हता. साडेआठला सुटलं की वस्तीवरच्या आम्हा चार मुलींना एक म्हातारे आबा बॅटरी घेऊन घरापर्यंत सोडायचे. त्यांचं कुणी आमच्या वर्गात नव्हतं. डिसेंबर-जानेवारीत कुडकुडत यायचे, पण एक दिवस चुकले नाहीत. त्या वर्षी आमच्यातल्या चौघांना शिष्यवृत्ती लागली आणि नावं शाळेच्या फलकावर रंगीत खडूने लिहिली तेव्हा दुकानदारांनी अख्ख्या शाळेला लिमलेटच्या गोळ्या वाटल्या होत्या.

सातारा जिल्ह्यात ही रीत जुनी आहे म्हणा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, वसतिगृहातली पोरं जगवायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, गावोगावच्या बायकांनी मूठ-मूठ धान्य बाजूला काढलं. आमचं हायस्कूल रयतचं नव्हतं, पण शाळा म्हणजे गावाची जबाबदारी हे आमच्याकडच्या लोकांच्या अंगात आहे.

दुसरी गोष्ट मैदानाची. आमचा तालुका दुष्काळी, गावात टँकर यायचा. खो-खोचं मैदान म्हणजे नुसता मुरूम, सूर मारला की गुडघा आणि कोपर सोलून निघायचं, त्यामुळे मुली सूर मारायला घाबरायच्या आणि सूर मारला नाही तर गडी हातातून निसटतो. तालुका स्पर्धेआधी पालकांनी तलावातला गाळ ट्रॉलीने आणून टाकला. पण गाळाला पाणी मारावं लागतं, ते आणायचं कुठून? मग ठरलं की प्रत्येक मुलीने घरून आंघोळीचं सांडपाणी एक बादली आणायचं. बारा-पंधरा दिवस आम्ही सकाळी शाळेत येताना बादल्या घेऊन यायचो, एवढं पाणी मारून मारून मैदान बसलं, सगळ्या मैदानाला साबणाचा वास यायचा, मग त्याच्यावर फक्कीने पाट्या आखल्या. त्या वर्षी १७ वर्षांखालच्या मुलींचा आमचा संघ तालुका, जिल्हा करत विभागापर्यंत गेला. विभागाला हरलो, पण परत आलो तेव्हा एसटी स्टँडवर हलगी वाजत होती आणि माझी आई, जी कधी शाळेत आली नव्हती, ती पुढे उभी होती.

आमच्याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या फायनलला पळाल्या, १९८४ नंतर ट्रॅकवरच्या फायनलला गेलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. आणि जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, त्यात आपल्या मुली जिंकल्या, कॅप्टन महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मी ती फायनल मोबाईलवर बघत रडत होते, नवऱ्याला कळेना काय झालं.

कमी काय पडतं तेही प्रामाणिकपणे सांगते. इंग्रजी बोलणं. अकरावी सायन्सला पहिले चार महिने मला वर्गात काही कळायचं नाही, डिक्शनरी घेऊन एकेक पान वाचलं. म्हणून तुमच्या हायस्कूलला सेमी इंग्रजी आहे का ते आधी बघा, असेल तर गणित-विज्ञानाचा प्रश्न बराच मिटतो. दुसरं म्हणजे कागदपत्रं. माझ्या मैत्रिणीला पण शिष्यवृत्ती लागली होती, अकरावीला ती बाहेरगावी गेली आणि तिथल्या कॉलेजने तिचे कागद पुढे पाठवलेच नाहीत, दोन वर्षांचे १२ हजार गेले. तिच्या वडिलांनी तेव्हा गाभण शेळी विकली होती फीसाठी, मला अजून वाईट वाटतं. आता दरवर्षी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर रिन्यूअल भरावं लागतं आणि शाळेने ते व्हेरिफाय करावं लागतं, नुसतं भरून सोडू नका, व्हेरिफाय झालं का ते जाऊन विचारा. आणि दहावीला ६० टक्के पाहिजेत, नाहीतर अकरावीपासून बंद होते.

बाकी शाळा चांगली की वाईट हे रिझल्टच्या बॅनरवरून ठरवू नका. एखाद्या शनिवारी सकाळी शाळेत जा, गेल्या तीन-चार वर्षांत एनएमएमएसला किती मुलं बसली आणि किती लागली ते मुख्याध्यापकांना विचारा, जादा तास कोण घेतं विचारा, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवतात का विचारा, कारण त्याचे दहावीला वाढीव मार्क मिळतात. मैदानावर मुली खेळताना दिसतात का बघा, का नुसती मुलंच असतात. ह्या सगळ्याला नाही असं उत्तर आलं तर खुशाल तालुक्याला घाला, मी अडवणार नाही. पण हो आलं तर मुलीला तिथेच ठेवा, आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका, जूनमध्ये सेतूत फार गर्दी असते.