पिशव्या संपल्या, हे सांगायचं कोणी?

प्रश्न: दादरला घरातून सुरू केलेला आमचा मसाल्यांचा धंदा आता आठ माणसांचा झालाय. गोदाम भिवंडीत. खरेदी भाचा बघतो. वाशीच्या मार्केटातून मिरची तोच आणतो, उतरवतानाही तोच उभा असतो. गेल्या महिन्यात पॅकिंगच्या पिशव्या संपल्या आणि दोन दिवस काम बंद. भाचा म्हणतो, गोदामातून कोणी सांगितलं नाही. गोदामवाला म्हणतो, ऑर्डर देणं माझं काम नाही. कोणाचं काय काम, हे ठरवायचं कसं?
— एक वाचक, दादर

उत्तर: ताई, दोघंही खरं बोलतायत, तीच तर पंचाईत आहे. मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात २६ वर्षं स्टोअर सांभाळलं. एकदा शुक्रवारी संध्याकाळी आलेला ट्रक सोमवारपर्यंत गेटवर उभा! वॉचमनला वाटलं, स्टोअरला माहीत असेल. स्टोअरला, म्हणजे मलाच, वाटलं माल अजून वाटेत आहे. गाडी थांबल्याचे पैसे भरावे लागले ते वेगळंच. हुद्दे सगळ्यांना होते, पण गेटवरून फोन कोणी करायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा हुद्द्यांपासून सुरुवात करू नका. माल किंवा निरोप एका हातातून दुसऱ्या हातात जातो, ती जागा धरा. पिशव्यांचंच घ्या. समजा रोज ४०० लागतात आणि ऑर्डरनंतर यायला १० दिवस. म्हणजे ४,००० हव्यातच, वर १,००० हाताशी. साठा ५,००० पर्यंत उतरला की त्याच दिवशी कळवणं गोदामवाल्याचं, आणि कळल्या दिवशीच ऑर्डर देणं भाच्याचं. निरोप तोंडी नको, व्हॉट्सॲपवर लिहून.

परराज्यात ५० हजार रुपयांवरचा माल जाताना ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचं ऑनलाइन काढायचं कागदपत्र, लागतं. वाटेत गाडी बदलली तर नवा नंबर त्यात चढवावा लागतो. तो कोण चढवणार, हे गाडी भरण्याआधीच ठरवून टाका.

कोणाचं काय काम हे ठरवायला मोठ्या कंपन्या 'रॅसी' (RACI) नावाचा तक्ता करतात: काम कोण करणार, जबाबदार कोण, सल्ला कोणाचा घ्यायचा, कळवायचं कोणाला. आठ माणसांत त्याचे चार रकाने कशाला? त्यातलं एवढंच उचला: काम करणारे दोघं असले तरी जबाबदार एकच.

आता जे तुम्हाला रुचणार नाही ते. मिरची भाच्याने आणावी, पण वजन गोदामवाल्याने करून पावतीवर सही करावी. ऑर्डर, वजन आणि बिल जुळलं की पैसे तुम्ही द्यायचे. भाच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. उद्या एखादं पोतं कमी भरलं, तर घरात पहिलं बोट त्याच्याकडेच जाईल.