१/६ मापाची डोकी रंगवताना चेहरा खरा वाटत नाही, बाहुलीसारखा दिसतो. सुधारणा कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं बारा इंची अॅक्शन फिगरची (सांधे हलणाऱ्या छोट्या पुतळ्यांची) डोकी रंगवताय, अगदी बारीक अशा ००० नंबरच्या ब्रशपर्यंत पोचलात, उजेड-सावली मन लावून काढता, तरी चेहरा बाहुलीचाच वाटतो. तुम्ही फोटो दिलेला नाही, पण वर्णनावरून अंदाज येतो, कारण माझी पहिली आठ-दहा डोकी अशीच झाली होती. सावली जास्त होतेय आणि रंग कमी पडतोय.

इंटरनेटवरचे बरेचसे धडे २८ किंवा ३२ मिलिमीटर उंचीच्या, पटावरच्या युद्धखेळांतल्या सैनिकांसाठी असतात. त्यांचं डोकं तुरीच्या दाण्याएवढं. तिथे गालाखाली गडद रेघ आणि नाकावर पांढरट ठिपका दिला नाही तर चेहरा दिसतच नाही. तुमच्या हातातलं डोकं लिंबाएवढं आहे. खरं डोकं साधारण २३ सेंटिमीटर, त्याचा सहावा भाग म्हणजे पावणेचार. एवढ्या मोठ्या आकारावर खोलीतला उजेड स्वतःच सावल्या पाडतो. शिल्पकाराने हनुवटीखाली, डोळ्यांच्या खोबणीत ती जागा करून ठेवलेलीच असते. आपण त्यावर आणखी तपकिरी सावली चढवली की चेहऱ्यावर नाटकाचा मेकअप चढतो. मूर्ती जे देऊ शकत नाही ते आपण द्यायचं: कातडीखालचं रक्त, उन्हाने रापलेला भाग, दाढीची निळसर झाक.

म्हणून आधी कातडीचं सांगतो. आपल्याकडच्या गव्हाळ रंगासाठी मी यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घेतो, त्यात जेमतेम पांढरा आणि सुईच्या टोकाएवढा अल्ट्रामरीन (गडद निळा). उजळ करायचं तर पांढरा वाढवू नका, ऑकर वाढवा. पांढऱ्याने कातडी पावडर थापल्यासारखी दिसते, आणि बाहुलीचा भास तिथूनच सुरू होतो. पहिला थर हव्या त्या रंगापेक्षा थोडा लालसर ठेवा. मग स्पंजचा फाडलेला (कापलेला नव्हे, कापला की कडा सरळ येतात) तुकडा घेऊन खूप पातळ रंगाचे ठिपके द्या: विटकरी, ऑकर, मळकट हिरवट-निळा. या टप्प्यावर डोकं भयंकर दिसतं, गोवर उठल्यासारखं. घाबरू नका. त्यावर मूळ कातडीच्या रंगाचा पाण्यासारखा पातळ थर फिरवा, वाळू द्या, पुन्हा फिरवा. तीन-चार थरांनंतर ठिपके बुजतात, पण पूर्ण जात नाहीत. हात लांब करून पाहिलं तर एकही ठिपका वेगळा दिसता कामा नये, नुसतं जिवंत वाटलं पाहिजे.

यानंतर चेहऱ्याचे तीन पट्टे. कपाळ पिवळसर, कारण तिथे हाडावर कातडी पातळ. मधला पट्टा, म्हणजे गाल, नाकाचा शेंडा आणि कान, लालसर. खालचा जबडा पुरुषांत निळसर-करडा. हे पट्टे इतके हलके हवेत की रंगवणाऱ्यालाच ठाऊक असावेत. कान विसरू नका, मी बघितलेल्या नवशिक्या कामांत कान नेहमी गालाच्या रंगाचे असतात. आपल्या लोकांच्या डोळ्यांभोवती कातडी थोडी काळपट असते, तीही हवी. वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद, आणि ओठांना बाहेरून रेघ अजिबात नको.

आता डोळे. याबद्दल मला आजीने शिकवलं. आजोबांच्या जुन्या फोटोंवरून एका मित्राने त्यांचं डोकं कॉम्प्युटरवर घडवलं, रेझिनमध्ये (कडक होणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थात) थ्री-डी छापून दिलं आणि मी महिनाभर ते रंगवलं. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ते आजीच्या हातात दिलं. तिने चष्मा लावला, खिडकीशी नेलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “अरे, हे असे डोळे वटारून कधीच बघत नव्हते.” मग अंगठ्याने नाकाच्या दोन्ही बाजूंना चाचपून विचारलं, “आणि चष्म्याचे वळ कुठायत?”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. माणसाचं बुबुळ साधारण १२ मिलिमीटरचं, म्हणजे १/६ मापात दोन, मोहरीच्या दाण्याएवढं. पण उघड्या डोळ्याची उंचीच जेमतेम दहा मिलिमीटर असते. म्हणजे बुबुळ पूर्ण गोल दिसूच शकत नाही. वरची पापणी त्याला थोडं कापते, खालची टेकते. मी पूर्ण गोल काढला होता, वर-खाली पांढरं दिसत होतं, आणि माणूस तेव्हाच तसा दिसतो जेव्हा तो दचकलेला किंवा रागावलेला असतो. बाहुल्यांचे डोळेही बहुतेक वेळा असेच असतात. दुसरं, डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. त्यात कातडीचा रंग आणि करडा मिसळा, वरच्या पापणीच्या खाली त्यालाच पातळ सावली द्या. नाकाकडच्या कोपऱ्यात गुलाबी ठिपका. पापणीची कड काळी नको, गडद तपकिरी. बुबुळामधला काळा ठिपका खसखशीच्या दाण्याहून लहान, पण दोन्हीकडे सारखी.

हात स्थिर कसा ठेवायचा ते आमच्या गल्लीतल्या गणपतीवाल्या काकांचं पाहून शिकलो. श्रावणात त्यांच्याकडे मूर्तींच्या डोळ्यांची आखणी चालते तेव्हा मी तासन्‌तास बसायचो. ते एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे कधी गेले नाहीत. दोन्हीकडे वरच्या पापणीची रेघ, चार पावलं मागे, मग दोन्हीकडे बुबुळ, पुन्हा मागे. करंगळी मूर्तीच्या गालाला टेकलेली आणि हात हलवण्याऐवजी पाट फिरवायचे. मी वाळू भरलेल्या बाटलीत काडी खोचून तिच्यावर डोकं बसवतो आणि बाटली फिरवतो. डोळे आखताना डोकं उलटं धरूनही पाहा, तिरकेपणा लगेच कळतो. मोबाइलवर फोटो काढून डावं-उजवं पालटलं तरी तेच.

ब्रशबद्दल थोडक्यात. ००० टाकून द्या असं म्हणत नाही, पण त्यात रंग इतका कमी मावतो की रेघ पुरी व्हायच्या आधी टोक वाळतं. ० किंवा १ नंबरचा चांगला सेबल (प्राण्याच्या मऊ केसांचा) ब्रश, टोक अणकुचीदार असलेला, जास्त कामाचा. टोक ओठांनी साधायची सवय असेल तर सोडा, काही रंगद्रव्यं विषारी असतात.

तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही, पण बडोद्याच्या मे महिन्यात पंख्याखाली अक्रेलिक ब्रशवरच सुकतो. पसरट डब्यात ओला स्पंज, वर बटर पेपर, त्यावर रंग: झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही ओला मिळतो. पावसाळ्यात उलट संकट. दमट हवेत स्प्रे वार्निश मारलं की त्यावर दुधी पापुद्रा येतो. जुलैत माझं एक पुरं झालेलं डोकं असं गेलं, त्यानंतर पावसाळ्यात मी ब्रशनेच वार्निश लावतो. सगळीकडे मॅट (बिनचमकीचं), नाकाचा शेंडा आणि कपाळावर किंचित सॅटिन (मंद चमकीचं), डोळे आणि खालच्या पापणीच्या ओल्या कडेला ग्लॉस (चकचकीत). डोळ्याला ग्लॉस लावणार असाल तर पांढरा चमकीचा ठिपका काढू नका. खोलीतला दिवा आपोआप चमकतो, आणि एका डोळ्यात दोन उजेड विचित्र दिसतात.

डोकं धुतल्याशिवाय प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) नको (कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो), आणि रेझिन घासायचं तर ओलं करून, मास्क लावून.

एवढं करूनही अडलात तर रंग बंद करून महिनाभर फक्त बघा. मी फत्तेसिंग म्युझियममध्ये राजा रविवर्म्याच्या तैलचित्रांसमोर जाऊन उभा राहतो. सयाजीराव महाराजांनी त्याच्याकडून काढून घेतलेली चित्रं आहेत ती. तिथे हनुवटीखालची, मानेवरची सावली जवळून पाहिली तर काळी नाही, लालसर तपकिरी आहे, आणि कानाच्या पाळीला त्याने लाली ठेवली आहे. मग बाहेर पडून चहाच्या टपरीवर तीच लाली खऱ्या कानांवर शोधायची. मी वहीत नुसती नोंद करतो: “पन्नाशीचा गृहस्थ, कपाळ टोपीच्या रेघेवर उजळ, गाल तांबूस, हनुवटी राखाडी.” पुढच्या डोक्याला ती नोंद कामी येते.

आजोबांचे डोळे मी पुसले. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेतलं तर अक्रेलिक निघतं, आणि कातडीवर आधीच वार्निशचा थर असला तर तो थोडा वेळ टिकतो, पण चोळायचं नाही. बुबुळं पापणीखाली नेली, नाकाच्या दोन्ही बाजूंना विटकरी रंगाचे फिकट वळ दिले. आता ते डोकं आजीच्या देवघराशेजारच्या फळीवर आहे.

तुमच्या शेवटच्या दोन डोक्यांचे फोटो टाका. वार्निशच्या आधीचे असले तर उत्तम, सकाळी खिडकीशी, फ्लॅश न वापरता, एक समोरून आणि एक तिरका. कातडी चुकतेय की डोळे, ते बघून सांगतो.