सहीआधी नकाशा बघा

प्रश्न : आमचं गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे (गावाचं नाव कृपया छापू नये). नाक्यावर आमची खानावळ आहे. बाहेर टेबल टाकून कोकम, आगळ, काजूगर आणि सीझनला आंबे विकतो. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर रस्ता मोकळाच असतो. आता गावाबाहेरून बायपास काढणार म्हणतात. नकाशातली रेघ माझ्या दिरांच्या भातखाचरांतून जाते. व्यापारी आणि शेतकऱ्यांनी मिळून कृती समिती केली आहे. 'वीस दिवसांच्या कोंडीसाठी बायपास नको' असं निवेदन फिरतंय, ग्रामसभेत ठरावही घेणार आहेत. ठरावाने काम थांबतं का? मी सही करावी का?
– एक वाचक, जि. रायगड

उत्तर : ठरावाने काम थांबत नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली घेतात, त्यात ग्रामसभेची संमती लागत नाही. ठराव जरूर करा, बातमी येते, पुढारी गावात फेरी मारतात. पण ज्याची सुनावणी घ्यावीच लागते ती लेखी हरकत. त्या कायद्याच्या कलम ३-ए ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना निघाली की २१ दिवसांत ती द्यायची असते, आणि ती देऊ शकतो त्या जमिनीत हितसंबंध असलेला माणूस. म्हणजे तुमचे दीर. तुमची खानावळ नाक्यावर, जमीन घेताहेत खाचरांची. तुमची सही निवेदनाची लांबी वाढवेल, सुनावणीत तिचा उपयोग नाही.

आता दिरांचा सातबारा काढून बघा. बांधकाम खात्यात असताना मी कोकणात कित्येक सातबारे पाहिले, त्यांवर वारलेले आजोबा, डोंबिवलीतले दोन चुलत भाऊ आणि लग्न होऊन गेलेल्या आत्या एकत्र नांदत असतात. वारस नोंद राहिली असेल तर आजच तलाठ्याकडे जा. अधिसूचनेनंतर त्या धावपळीत अर्धे दिवस जातात.

निवेदनातला 'वीस दिवसांची कोंडी' हा मुद्दा मला कच्चा वाटतो. त्या वीस दिवसांत बाळंतीण घेऊन निघालेली रिक्षाही त्याच रांगेत असते. शिवाय सणाला कोंडी नक्की कुणामुळे होते ते बघा. गणपतीत या महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घालतात, तरी गावं तुंबतातच. म्हणजे ट्रक नसतानाही कोंडी होते. माणगावचंच बघा. मुंबईचे चाकरमानी तिथून सरळ खाली जातात, ताम्हिणी उतरून आलेली पुण्याची गाडी तिथेच महामार्गाला लागते, आणि श्रीवर्धन-हरिहरेश्वरला जाणारा तिथूनच वळतो. सरळ जाणाऱ्याला बायपासने सुटका मिळेल. पण पुण्याहून श्रीवर्धनला निघालेल्याला महामार्ग ओलांडायचाच असतो, महामार्गाला समांतर रस्ता काढून त्याची गाडी नाक्यावरून हलत नाही.

तुमच्या नाक्यावर वळणाऱ्या गाड्या किती आणि सरळ जाणाऱ्या किती, यावर सगळं अवलंबून आहे. ही मोजणी प्रकल्प अहवालात असायला हवी. माहिती अधिकारात मागा, पण आत्ताच मागा. उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस असतात आणि तुमच्या हरकतीला २१. अधिसूचना निघाल्यावर अर्ज केलात तर कागद हाती येईपर्यंत मुदत संपलेली असेल. या सापळ्यात चांगली शिकलेली माणसंही अडकतात.

खानावळीचं म्हणाल तर तुमची भीती खरी आहे, उगाच धीर देत नाही. झाराप-पत्रादेवी रस्ता झाल्यापासून गोव्याला जाणारी गाडी सावंतवाडीत न शिरता निघून जाते. लाकडी खेळणी घ्यायची असं ठरवून निघालेला चितारआळीत येतोच, पण जाता जाता चहाला थांबणारा गेला तो गेला. तुमचं गिऱ्हाईक असं जाता जाता थांबणारं असेल, तर बायपास गावाला कुठे मिळतो, तिथे खाली उतरायला जोडरस्ता आहे का आणि गावाच्या नावाची पाटी किती आधी लागते, हे तुमच्या निवेदनाचे मुद्दे. यासाठी वेगळा अर्ज करा. शेतकऱ्यांच्या हरकतीत तो मिसळू नका. दोन्ही गट आज एका फलकाखाली असले तरी व्यापाऱ्यांना रस्ता गावातून हवाय आणि शेतकऱ्यांना तो खाचरातून नकोय. उद्या आखणी शंभर मीटर सरकली की शेतकरी घरी जातील आणि तुम्ही एकटे उराल.

खाचरांचा प्रश्न मला सगळ्यात गंभीर वाटतो. चार मीटर उंच भराव घातला आणि दोन्ही बाजूंना नेहमीचा एकास दोन उतार (एक मीटर उंचीला दोन मीटर पसारा) दिला, तर पायथा वरच्या रस्त्यापेक्षा सोळा मीटर रुंद होतो. एवढी जमीन जातेच, शिवाय भराव बांधासारखा पाणी अडवतो. नकाशावर पऱ्या, म्हणजे ओढा, ही एक निळी रेघ असते, ती बहुधा उन्हाळ्यात आखलेली. श्रावणात तोच पऱ्या चार खाचरं भरून वाहतो, आणि पाणी जायला रस्त्याखालची मोरी मात्र रेघेएवढीच ठेवतात. वरच्या अंगाला भात कुजतं, खालच्या अंगाला पाणी पोचत नाही.

याच ६६ क्रमांकाच्या महामार्गावर केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या कीळाट्टूरच्या लोकांनी भातशेतीतून जाणाऱ्या बायपासला मोठा विरोध केला. २०१८ मध्ये ते गाव देशभर गाजलं, तरी आखणी बदलली नाही. पुढे मे २०२५ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात कूरियाडला भातशेतीवर भराव घालून उभारलेला रस्ता खचला. मडगावच्या पश्चिम बायपासला बाणावली परिसरातल्या लोकांनी वेगळी मागणी लावून धरली : भराव नको, रस्ता खांबांवरून न्या. मला तीच जास्त कामाची वाटते. 'नको' म्हटलं की अधिकारी 'राष्ट्रहित' लिहून हरकत निकालात काढतो. 'गट नंबर अमुक ते तमुक खांबांवर न्या, पऱ्यावर मोरी नको, पूल द्या' असं लिहिलं की त्याला अभियंत्याकडून उत्तर मागवावं लागतं.

तेव्हा दिरांना सांगा, या पावसात पाणी जिथवर चढेल तिथे बांधावर रंगाची खूण करा, माणूस उभा करून फोटो काढा, गट नंबर आणि तारीख लिहून हरकतीला जोडा. हरकत गटवार आणि प्रत्येक खातेदाराची स्वतंत्र असावी. छापील नमुन्यावर शंभर सह्या नकोत, त्या सगळ्यांना मिळून एकच उत्तर येतं. प्रत्यक्ष सुनावणी मागा, वकील नेता येतो.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. शिक्का पुसट उठला तर तिथेच उभं राहून पुन्हा मारून घ्या.