गळ्यातला कॅमेरा की खिशातला? वाचकांची प्रश्नोत्तरे

श्रावण सरत आला, की रत्नागिरीतल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर दोन गोष्टी एकदमच येऊ लागतात. पावसाळाभर कपाटात राहून बुरशी धरलेले कॅमेरे ही एक, आणि दिवाळीला नवा कॅमेरा कोणता घ्यावा ही विचारणा दुसरी. या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे, हे विचारणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. सुरुवातीचा, म्हणजे नवशिक्यांसाठीचा, डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घ्यावा की अल्ट्राकॉम्पॅक्ट म्हणून विकला जाणारा खिशातला कॅमेरा घ्यावा, हा एकच घोळ यंदाही इतक्या पत्रांतून आला आहे, की प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर लिहिण्याऐवजी निवडक प्रश्न येथे एकत्र घेत आहे.

प्रश्न (चिपळूण, शिक्षिका): शाळेचे कार्यक्रम, सहली आणि घरचा गणपती एवढेच फोटो काढायचे आहेत. डीएसएलआरचे फोटो आपोआप चांगले येतात असे सहकारी म्हणतात. खरे का?

आपोआप काहीही येत नाही. फरक पडतो तो मुख्यतः सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पट्टीच्या, आकाराने. साध्या खिशातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असतो, तर सुरुवातीच्या डीएसएलआरचा साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ तेरा पट. भर दुपारी मैदानावर दोन्हींचे फोटो छोट्या छपाईत शेजारी ठेवले तर ओळखता येणे कठीण. पण संध्याकाळच्या आरतीला, माजघरातल्या एका दिव्याखाली, लहान सेन्सरच्या चित्रात दाणे उठतात आणि मखरातले रंग मळकट होतात.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे, तो दुकानदार सहसा आपणहून दाखवत नाहीत. २०१२ मध्ये सोनीच्या आरएक्स१०० ने ‘एक इंची’ सेन्सर प्रथमच खरोखर खिशात मावेल अशा कॅमेऱ्यात आणला. हा एक इंच नावाचाच आहे. प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो आणि त्याचा कर्णही १६ मिलिमीटरच्या आतच भरतो, हे आपण वर्गात पायथागोरसने ताडून दाखवू शकाल. तरीही तो साध्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरच्या चौपट आहे. सहलीत चाळीस मुलांवर लक्ष ठेवताना लेन्ससकट सहाशे-सातशे ग्रॅमचे ओझे गळ्यात वागवणे आपल्याला झेपेल का, याचा प्रामाणिक विचार करा. झेपणार नसेल तर एक इंची सेन्सरचा कॅमेरा घ्यावा. मात्र तो हातात धरून, बटणे बोटांना जुळतात का हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न (महाड): २० मेगापिक्सेलपेक्षा २४ मेगापिक्सेल किती चांगले?

चित्राच्या रुंदीत जेमतेम दहावा हिस्सा वाढतो. त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

प्रश्न (दापोली, होम-स्टेचालक): पाहुण्यांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतो, त्यांचे आणि खोल्यांचे फोटो हवेत. दुकानदार दोन लेन्सचा डीएसएलआर, पिशवी, तिकाटणे आणि फिल्टर ‘फुकट’ देतो म्हणतो. बिल न घेतल्यास आणखी सवलत आहे. घ्यावा का?

डॉल्फिनसाठी डीएसएलआरच हवा, यात दुमत नाही. डॉल्फिनची पाठ पाण्यावर दिसते ती क्षण-दोन क्षण, आणि खिशातला साधा कॅमेरा फोकस जुळवत बसेपर्यंत मागे फक्त लाट उरते. शिवाय त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला डिजिटल झूम म्हणजे झूमच नव्हे. ती आहे त्या चित्राची कात्री आहे. मात्र डीएसएलआरबरोबर येणाऱ्या १८–५५ मिलिमीटरच्या लेन्सनेही आपले काम होणार नाही. तिथे अडीचशे-तीनशे मिलिमीटरची लेन्स लागते आणि हलत्या होडीत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा शटर वेग लागतो.

खरी मेख त्या दुसऱ्या लेन्समध्ये आहे. जोडीने विकल्या जाणाऱ्या लांब लेन्सपैकी काहींत हाताची थरथर थोपवणारी सोय नसते. कॅननच्या लेन्सवर ‘आयएस’ आणि निकॉनच्या लेन्सवर ‘व्हीआर’ ही अक्षरे आहेत का ते पाहा. नसल्यास ती जोडी परत करा. फुकटची पिशवी, हलके तिकाटणे आणि लेन्सपेक्षा खिडकीच्या तावदानाला शोभेल असा फिल्टर यांची किंमत आधीच लावलेली असते. खोल्यांसाठी १८ मिलिमीटरचे टोक पुरेसे आहे. आणि बिलाशिवाय कॅमेरा घेऊ नका, कारण बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, आणि समुद्रावर रोज नेला जाणारा कॅमेरा वॉरंटीशिवाय ठेवणे म्हणजे वल्ह्याशिवाय होडी लोटणे होय. दोन्ही लेन्सची पूर्ण नावे खोक्यावरून उतरवून घ्या आणि व्यवहारापूर्वी एखाद्या जाणकाराला दाखवा.

प्रश्न (गुहागर): शिमग्यात रात्री पालखी नाचते तेव्हाचे फोटो काळे किंवा पुसट येतात. डीएसएलआर घेतल्यास प्रश्न सुटेल ना?

नुसता घेतल्याने सुटणार नाही, आणि येथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. डीएसएलआरच्या किट लेन्सचे, म्हणजे सोबत येणाऱ्या लेन्सचे, छिद्र झूमच्या रुंद टोकाला एफ ३.५ एवढेच उघडते, तर चांगल्या एक इंची कॅमेऱ्याचे एफ १.८ पर्यंत (हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). या दोन आकड्यांत उजेडाचा फरक जवळजवळ चौपट आहे. सेन्सर तिपटीने लहान असूनही तो खिशातला कॅमेरा त्यामुळे किट लेन्सच्या बरोबरीस येतो. झूम पुढे नेले की ही बरोबरी संपते आणि डीएसएलआर पुढे जातो. त्याचा खरा लाभ मात्र लेन्स बदलता येण्यात आहे. त्यावर ३५ किंवा ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावली, की मशालींच्या आणि ट्यूबलाइटच्या उजेडातही नाचणारी पालखी गोठवता येते. ही दुसरी लेन्स घेण्याची तयारी नसेल, तर शिमग्यासाठी डीएसएलआर घेऊ नका.

प्रश्न (देवगड): तीन वर्षांपूर्वी घेतलेला डीएसएलआर कातडी पिशवीत, कपाटात कापूर टाकून ठेवला होता. आता लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसते. शेजारी म्हणतात, खिशातला कॅमेरा घेतला असता तर हे झाले नसते. नवा घेताना कोणता घ्यावा?

ही बुरशी आहे. आपल्या शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धवट खरे असल्यामुळेच ते अधिक घातक आहे, म्हणून या प्रश्नाला थोडे सविस्तर लिहितो.

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. त्या काळात घरातली आर्द्रता आठवडेच्या आठवडे बुरशीला हवी त्या पातळीवर राहते. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतातच. त्यांना काच खायची नसते. काचेवरची धूळ, बोटांचा तेलकटपणा आणि ओल एवढे मिळाले की पुरते. सुरुवातीला ती लेन्सच्या कडेला तंतूंसारखी दिसते आणि त्या अवस्थेत ती पुसून निघू शकते. तशीच वाढू दिली तर तिच्यातून स्रवणारी आम्ले काचेवरचा लेप आणि कधीकधी खुद्द काचही कोरतात. मग आम्ही बुरशी काढतो, पण तिचा ठसा राहतो. माझ्याकडे येणाऱ्या लेन्सपैकी पुष्कळ आठ-दहा महिने “फोटो तर येताहेत” म्हणून वापरलेल्या असतात. फोटो येतात हे खरे; उजेडाकडे तोंड करून काढलेला एक फोटो पाहा, म्हणजे त्यावरचे धुके दिसेल.

कातडी पिशवी ओल धरून ठेवते. कापराने वास येतो, ओल जात नाही. डांबराच्या गोळ्या, लवंगा, तंबाखूची पाने हे सगळे उपाय मी ऐकले आहेत आणि ते ज्यांनी केले त्यांचेच कॅमेरे उघडले आहेत. लेन्स दिवसभर उन्हात ठेवण्याचा सल्लाही कोणी पाळू नये. आतले वंगण पातळ होऊन छिद्राच्या पाकळ्यांवर येते आणि एका दुरुस्तीच्या दोन होतात.

करायचे ते एवढेच. रबरी कड असलेला, घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवावा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावा. तो ३० च्या खालीही नेऊ नये, कारण फार कोरड्या हवेत रबर आणि वंगण दोन्ही खराब होतात. सिलिका जेलचे निळे मणी गुलाबी झाले, की ते ओल पिऊन भरले असे समजून तापवून कोरडे करावेत किंवा बदलावेत. त्यांचा निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो, म्हणून ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत आणि मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. कॅमेरे दोनपेक्षा अधिक असतील तर विजेवर चालणारे कोरडे कपाट परवडते. सर्वांत स्वस्त उपाय मात्र कॅमेरा वापरत राहणे हाच आहे, आणि तोच कोणी करत नाही.

आता निवडीचे. खिशातल्या कॅमेऱ्यालाही बुरशी लागते. त्याची लेन्स प्रत्येक वेळी बाहेर येताना हवा आत ओढते; त्या हवेबरोबर खारी ओल जाते आणि पुळणीवर असाल तर बारीक वाळूही जाते. तो एखाद्या दिवशी लेन्स अर्धी बाहेर ठेवून अडतो आणि पडद्यावर त्रुटीचा संदेश देतो. तो उघडून साफ करण्याची मजुरी पुष्कळदा कॅमेऱ्याच्या किमतीजवळ जाते. डीएसएलआरची लेन्स निदान वेगळी काढून दुरुस्त करता येते किंवा बदलता येते. खिशातल्याची एकच जमेची बाजू अशी, की तो खिशात असतो, म्हणून वापरला जातो आणि म्हणून कोरडा राहतो. तेव्हा जो कॅमेरा आपण जून ते सप्टेंबर या काळातही आठवड्यातून एकदा हाती घ्याल, तो घ्यावा. त्यापूर्वी ती लेन्स मात्र या आठवड्यातच जवळच्या दुरुस्तीवाल्याला दाखवा. लेप शाबूत असेल, तर नवा कॅमेरा घेण्याची गरजच नसेल.

प्रश्न (वेंगुर्ले): खिशातला कॅमेरा खाडीत पडला. आठ दिवस तांदळात ठेवला, तरी सुरू होत नाही.

होणारही नाही. पाणी सुकले तरी मीठ आतच राहते आणि ते तांब्याच्या वाटा खात राहते. तांदूळ मीठ काढत नाही, उलट पीठ आत घालतो. खाऱ्या पाण्यात पडलेला कॅमेरा सुरू करून पाहू नये, बॅटरी आणि कार्ड लगेच काढावे आणि त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. आठ दिवसांनंतर कार्डातले फोटो वाचले तर समाधान माना.

प्रश्न (मालवण): तारकर्लीला स्नॉर्कलिंग करताना वापरायला जलरोधक खिशातला कॅमेरा कसा?

त्या एका कामासाठी उत्तम, आणि तिथे सुरुवातीच्या डीएसएलआरचा प्रश्नच येत नाही. ऑलिंपसचा टीजी-६ हा १५ मीटर खोलीपर्यंत चालेल असा बनवलेला आहे. मात्र त्याचा सेन्सर लहानच आहे, त्यामुळे घरातल्या समारंभांसाठी त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. प्रत्येक वेळी गोड्या पाण्यात बुडवून धुवा, आणि बॅटरीच्या झाकणाच्या रबरी कडेवर वाळूचा एक कणही नाही हे पाहिल्याशिवाय पाण्यात उतरू नका. रबर जुने झाले असेल तर आधी तपासून घ्या.

प्रश्न (वेळासला जाणार असलेले वाचक): कासवांची पिल्ले समुद्रात जाताना फ्लॅश कोणत्या कॅमेऱ्याचा चांगला?

कोणत्याही कॅमेऱ्याचा नाही. पिल्ले उजेडाच्या रोखाने दिशा धरतात. फ्लॅश बंद ठेवा आणि तिथले स्वयंसेवक सांगतील तसे वागा.

प्रश्न (रत्नागिरी, महाविद्यालयीन विद्यार्थी): सध्या जुन्या डिजिकॅमची हौस आहे. वीस वर्षांपूर्वीचा एक स्वस्तात मिळतो आहे.

हौस म्हणून घ्या, पण कार्ड कोणते लागते ते आधी विचारा. काही जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागते, ते आता बनत नाही. एसडी कार्ड लागत असले तरी २००६ पूर्वीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना २ जीबीपेक्षा मोठे कार्ड वाचता येत नाही. बॅटरी फुगलेली असेल तर तिला चार्जरला लावू नका.

प्रश्न (अलिबाग): डीएसएलआर बंद होत आहेत म्हणे. मग वापरलेला घ्यावा का?

ऐकीव असले तरी हे बरेचसे खरे आहे. निकॉनचा डी३५०० हा २०१८ चा सुरुवातीचा डीएसएलआर आता बनत नाही आणि कॅनन आणि निकॉन या दोन्ही मोठ्या कंपन्यांचे लक्ष मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळले आहे. म्हणून दुकानात ‘शेवटचा माल’ म्हणून घाई केली जाते. तिला बळी पडू नका, कारण वापरलेले चांगले डीएसएलआर पुष्कळ आहेत आणि १९५९ पासूनच्या निकॉनच्या लेन्सची बैठक तीच असल्यामुळे जुन्या लेन्सही भरपूर मिळतात. डी३५०० मध्ये फोकसची मोटर नाही, हे मात्र लक्षात ठेवा. जुन्या लेन्सवर हातानेच फोकस करावा लागेल, आणि फार जुन्या लेन्स तपासल्याशिवाय बसवू नयेत. घेण्यापूर्वी लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि कडेकडेने बुरशी दिसते का ते पाहा. शटर किती वेळा उघडले आहे तेही विचारा. या वर्गातल्या कॅमेऱ्यांचे शटर लाखाच्या आसपास उघडझापीसाठी बनवलेले असते. किनाऱ्यावरच्या माणसाने वापरलेला असेल तर खालच्या प्लेटवरचे स्क्रू गंजलेले आहेत का ते पाहा, आणि ते तसे असतील तर विक्रेत्याने कितीही किंमत उतरवली तरी कॅमेरा उघडून पाहिल्याशिवाय सौदा करू नका.